सुळक्याच्या पायथ्याचा दगड

पहाटराव हे नाव तिनं नवऱ्याला मनातल्या मनात ठेवलं होतं. चारचौघांत तो 'सर' होता. निवृत्त झाल्यावर कॅमेरे घेऊन बसलेले चार-पाच गृहस्थ त्याचे शिष्य. तो बोलला की हे माना डोलवत आणि त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत. तोही असा चढायचा की उतरायचं नाव नाही.

समुद्रातले सुळके, किनाऱ्याचे कडे आणि आभाळ सोडून त्यानं कशाचा म्हणून फोटो काढला नव्हता. लेकीच्या लग्नातही पठ्ठ्यानं कॅमेरा काढला तो हॉलच्या गच्चीवर जाऊन ढग टिपायला. "माणसं चित्र बिघडवतात," हे त्याचं ब्रह्मवाक्य. माझा एक फोटो काढा, एवढंच बायको दर लग्नाच्या वाढदिवसाला मागायची. तो म्हणायचा, "काढू गं, उजेड चांगला मिळू दे." इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला चांगला उजेड काही आला नाही.

त्याची कामाची पद्धत ठरलेली. उजाडायच्या आत किनारा गाठायचा, तिपाई रोवायची, भिंगापुढे काळी काच लावायची आणि कॅमेऱ्याचा पडदा तीन-चार मिनिटं उघडा ठेवायचा. तेवढ्यात जे हलतं ते फोटोत उरत नाही. लाटांचं दूध होतं, पक्षी पुसले जातात, चालती माणसं नाहीशी होतात. मधेच कुठं प्लॅस्टिकची पिशवी दिसली की तो बायकोला पिटाळायचा.

"जा गं, उचल ती. बिनधास्त जा, तू काही फोटोत येत नाहीस."

आणि ती जायची. पाठीवर त्याची बॅग, अंगात त्याचाच जुना काळा रेनकोट. ओल्या खडकांवरून तोल सावरत कचरा गोळा करायची नि परत यायची. फोटोत खरंच कुठं दिसायची नाही. शिष्य म्हणायचे, "वा सर, काय निर्जन किनारा आहे!"

त्या दिवशीही लग्नाचा वाढदिवसच होता. साहेबांच्या गावीही नव्हतं. ओहोटी लागली होती, सुळक्याच्या पायथ्याचे खडक उघडे पडले होते. त्यानं पडदा उघडला आणि लगेच तिला दोरीचा एक तुकडा दाखवला. "जा गं, तू काही फोटोत येत नाहीस."

ती गेली, दोरी उचलली, खिशात घातली. वळून पाहते तर स्वारी समुद्राकडं पाठ करून, सोबत आलेल्या नि तिच्याच तोंडाकडं बघणाऱ्या शिष्यांना एकांतावर प्रवचन देत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. येत नाही काय? बघतेच कशी येत नाही ते! तिथंच एका सपाट खडकावर तिनं गुडघे पोटाशी घेतले, तोंड कॅमेऱ्याकडं केलं आणि बसून राहिली. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. पडदा मिटल्याचा 'खट्' आवाज झाला तेव्हाच उठली.

पहाटरावांनी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो पाहिला आणि ओरडलेच, "अरे, काय दगड आलाय बघा! ओहोटीनं उघडा पडलाय. ह्यानं अख्खं चित्र तोललंय!"

ती बाजूलाच रेनकोट झटकत उभी होती. आत्ता कळेल, मग कळेल, म्हणून गप्प राहिली.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. प्रदर्शनात तो भिंतभर लावला. लेक आली, फोटोसमोर दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "आई, अगं तू अशी का बसलीयेस तिथं?"

"गप्प. बाबांना सांगायचं नाही. त्यांचं त्यांना दिसू दे."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर त्यांची बॅग त्यांनी उचलायची. मी ह्यापुढं जायची नाही."

ती भिंतीशी उभी राहून वाट पाहत होती. खोटं कशाला, तिला मनापासून वाटत होतं की त्यानं ओळखावं. नुसतं मागं वळून 'अगं, ही तू?' म्हटलं असतं तरी तिनं सगळं माफ केलं असतं.

पहाटराव फोटोजवळ गेले, घसा खाकरला आणि लोकांना बोटानं दाखवू लागले. "हा काळा दगड पाहा. आणि ह्याच्या माथ्यावरचा हा पांढरट डाग. समुद्रपक्ष्यांची शीट. दुसरा कुणी असता तर पुसून टाकली असती. मी ठेवली. निसर्गाशी मी खोटेपणा करत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनं आईचा हात घट्ट धरला. त्या पांढरट डागानं हात सोडवून घेतला आणि चहा प्यायला निघून गेला.

महिन्याभरात एका कॅलेंडरवाल्यानं तोच दगड, पण आडव्या चौकटीत मागितला. पहाटराव पहाटे बूट चढवू लागले. ती उठली नाही. "अंग दुखतंय," म्हणाली. बॅग स्वतःच्या खांद्यावर घेताना ते किती कण्हले, ते तिनं पांघरुणातून नीट ऐकलं.

तासाभरानं फोन वाजला. मागं लाटांचा आवाज.

"अगं, सगळा किनारा पालथा घातला. तो दगड कुठं दिसत नाही. तू तर तेव्हा तिकडंच गेली होतीस. कुठं होता तो?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला आधी हसू आलं, मग ते गेलं.

"तो घरी आहे," ती म्हणाली. "तुमच्या जुन्या रेनकोटात बसला होता."

"म्हणजे? आणि तो पांढरा डाग?"

"माझं तोंड."

पलीकडं नुसता समुद्र ऐकू येत राहिला. इतका वेळ, की तिच्या मनात वेडी आशा पुन्हा डोकं वर काढायला लागली. आता माणूस काहीतरी बोलेल, निदान नुसतं 'अगं' तरी म्हणेल.

"अगं," पहाटराव म्हणाले, "आत्ता लगेच निघालीस तर ऊन चढायच्या आत पोहोचशील का? रेनकोट तेवढा घालून ये."

तिनं फोन बंद केला आणि कूस बदलून झोपली.