कनकलताचे अवांतर निरोप

हरिणीने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरची तमिळ अक्षरं ओठ हलवत वाचली. 'ऐप्पसी महिन्यात पाऊस, रंग वाळत नाही. बाहुल्यांस कागद गुंडाळूं नको मुरली, जुनी धोतरं घाल.' अक्षरं तमिळ, बोलणं मात्र मराठी. तिची आई बंगळूरहून मावशीशी फोनवर बोलते, अगदी तसलं.

तिला हसू आलं, मग तिने घड्याळ पाहिलं. अहवाल चार वाजता द्यायचा होता.

तंजावूरच्या डुलत्या बाहुल्या देशभर पाठवणाऱ्या या कंपनीत ती तीन महिन्यांपूर्वी आली. काम सोपं, निदान कागदावर: ऑर्डरच्या कुठल्या पायऱ्या नकोत ते शोधून मालकांना अहवाल द्यायचा. एका ऑर्डरच्या नऊ पायऱ्या. कंपनीच्या नव्या नेटवर्कवर प्रत्येक ऑर्डरचं एक पान. सगळ्यांनी तिथेच बोलायचं, विचारायचं. कोणाच्या बोलण्याने काम पुढे सरकतं ते प्रणाली मोजणार आणि निरुपयोगी पायरी गाळणार. मालक सतीशकुमार यांचा या मोजणीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

तिसरी पायरी म्हणजे कनकलता. राजवाड्याजवळच्या, जुन्या मराठी घरांच्या गल्लीतली, सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी. ऑर्डर तपासून पुढे सोडायची, एवढंच तिचं काम कागदोपत्री. पेट्या बांधणाऱ्या खात्यातला मुरली तिच्याच गल्लीतला. दोघांना तमिळ उत्तम येई, पण घरच्या माणसाशी तमिळ बोलायचं म्हणजे भांडण झाल्यासारखंच की! म्हणून ती त्याला मराठीत लिही, येत होती त्या लिपीत. प्रणालीला ती भाषा ओळखताच आली नाही. कनकलताचे अकराशे चाळीस निरोप प्रणालीने 'अवांतर गप्पा'त ढकलले. कामाचे निरोप शून्य. शेरा आपोआप उमटला होता: पायरी गाळावी.

हरिणी वाचत गेली. कोइंबतूरचे बसवाले माल टपावर टाकतात, रेल्वेने पाठव. राणीबाहुलीच्या डोक्याखालची तार वेगळ्या पुडीत ठेव, नाहीतर डोकं डुलत नाही. कुंभकोणमच्या घरी आडी महिन्यात वडील गेले, यंदा ते नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडणार नाहीत, त्यांस जाहिरात पाठवूं नको. मध्येच एक निरोप तिच्यावरही होता: 'नवी पोरगी हुशार, पण नाकावर माशी बसूं देत नाही. डब्यात रोज ब्रेडच. कोण बघतं तिजकडे?'

हरिणीचे कान तापले. आपल्याला मराठी कळतं हे तिने इथे कुणाला सांगितलंच नव्हतं. कळायचं सगळं, पण बोलताना जीभ अडखळायची आणि मावश्या हसायच्या. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

ती जेवायला उठली नाही. निरोपांतून एक्केचाळीस नियम वेचून तिने तमिळमध्ये उतरवले आणि चारला मालकांपुढे ठेवले.

सतीशकुमार वाचताना दोनदा हसले. "हे सगळं ती बाई सांभाळत होती?"

"हो सर. म्हणून ती पायरी राहायला हवी."

"कशाला? आता लिहून झालंय ना सगळं? नियम प्रणालीत घाला. मग तिथे माणूस कशाला बसवायचा?"

"पण सर..."

"शाब्बास, हरिणी. छान काम केलंत."

करायला गेले एक नि झालं भलतंच! कागद घेऊन ती कनकलताच्या टेबलाशी गेली. कनकलताने चष्मा चढवला आणि पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

"हे तमिळात कोण लिहिलं?"

"मी," हरिणी मराठीत म्हणाली. "मला... कळतं."

"अय्यो देवा! तीन महिने माझी बोलणी वाचत बसलीस, आणि एकदा मामी म्हणून हाक मारायस झालं नाही तुज?"

"लाज वाटायची. आणि वाचलं ते आजच." हरिणीने मालकांच्या दाराकडे पाहिलं. "मामी, मी तुम्हाला वाचवायला गेले. सर म्हणतात, आता माणूस नको."

कनकलताला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तिने कागद टेबलावर आपटून सरळ केले, मग पुन्हा आपटले.

"एक्केचाळीसच?"

"तेवढेच सापडले."

"फोनवर सांगितलेले यांत नाहीत." तिने शेजारची खुर्ची ओढली. "बस. लिही."

"नको मामी. ते तुमच्याजवळच राहू द्या."

"मग बाहुल्या फुटतील की. ज्यांच्या घरी त्या जातात, त्यांनी काय वाकडं केलं माझं? लिही म्हणते ना! बेचाळीस. लेकीच्या लग्नासाठी बाहुल्या मागवल्या असतील, तर धाडण्याआधी फोन करायचा. कधी कधी लग्न मोडलेलं असतं. त्या घरी पेटी जाऊ नये."

हरिणीने टाइप केलं आणि थांबली.

"फोन कोणी करायचा, मामी?"

कनकलताचा हात आपसूक टेबलावरच्या फोनकडे गेला.

हरिणीने तो प्रश्न तसाच नियमाखाली लिहिला आणि सतीशकुमारांसकट सगळ्या कंपनीला दिसेल असा नेटवर्कवर टाकला.