गुरुवारचा किनारा

बोनारियाने दोन कपांत कॉफी ओतली आणि मुलाने टेबलभर पसरलेला नकाशा कोपराने बाजूला सारला. गाविनोने त्यावर सात दिवसांचे सात किनारे लाल पेनाने गोल करून ठेवले होते. बायको फेदेरिकासह तोरिनोहून निघण्यापूर्वीच सगळं ठरलेलं.

"बघ आई, एक दिवस फुकट जायचा नाही."

"आणि वारा?"

"वाऱ्याचं काय?"

सार्डिनिया बेटावर कोणत्या किनाऱ्यावर जायचं हे आदल्या दिवशी कुणी ठरवत नाही. वारा वायव्येचा असला तर आडोशाला, पूर्वेला जायचं, आग्नेयेचा असला तर पश्चिमेला. तिचा नवरा अँतिओको सकाळी गच्चीत उभा राहून अंजिराची पानं कुठल्या अंगाला उलटतात ते बघायचा, आणि हाच गाविनो त्याची विजार ओढत विचारायचा, "बाबा, आज कुठे?" किनारे आधी ठरवून येतात ते तिचं खालचं घर भाड्याने घेणारे पाहुणे. बोनारियाला त्यांचं हसू यायचं. आज आलं नाही.

"गुरुवारी हा लांबचा," गाविनोने बोट टेकवलं. "नऊला बोट सुटते, परत यायला संध्याकाळ. फेदेरिकाच्या मैत्रिणीही येणार आहेत. गुरुवारी तुझं काही नाही ना?"

गुरुवारी अँतिओकोला जाऊन वर्ष होत होतं. अकराला चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होती. फोनवर तिने गाविनोला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो "हो हो, येतोच" म्हणाला होता. या मुलासाठीच तर तिने ऐन ऑगस्टात खालचं घर रिकामं ठेवलं होतं.

ती टेबलाचा कोरडाच कोपरा पुसत राहिली. एक शब्द काढला असता तर पोराने कपाळावर हात मारून घेतला असता, बोट रद्द केली असती आणि पहिल्या बाकावर बसून घड्याळ बघितलं असतं. तसलं येणं तिला नको होतं. त्याला आपणहून आठवायला हवं होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

"माझं काय असणार?" ती म्हणाली.

"मग झालं तर! आणि बाबांची ती खडकाआडची खाडी? फेदेरिकाला दाखवायचीय. वाट विसरलो मी. नकाशावर दाखव ना."

ती खाडी घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. सख्ख्या शेजाऱ्यालाही अँतिओकोने कधी तिथे नेलं नव्हतं. बोनारिया उठली, खण ओढला आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद मुलापुढे ठेवला.

"हे काय?"

"किनाऱ्यांची यादी. सावली कुठे, गाडी कुठे लावायची, सगळं आहे यात. पाहुण्यांना देते."

गाविनोने कागद उलटसुलट करून पाहिला. "खाडी नाहीये यात."

"नाही."

"कमाल करतेस! मी काय पाहुणा आहे?"

बोनारिया खिडकीतून अंजिराकडे बघत राहिली. पानं उलटू लागली होती. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदाची शेवटची ओळ मात्र तो हेल काढून वाचत होता.

"'निघताना किल्ली लिंबाच्या कुंडीखाली ठेवावी.'" तो हसला. "मीही ठेवायची का गं?"

"ठेव," बोनारिया म्हणाली आणि कप विसळायला वळली.