रिलेचा आकडा

टोकाच्या वस्तीकडे वीज नेणाऱ्या फीडरच्या रिलेला, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त प्रवाह दिसला की लाइन तोडणाऱ्या यंत्राला, कुठलाच आकडा मानवत नव्हता. आकडा खाली ठेवला, की संध्याकाळी घरोघरचे गिझर आणि शेगड्या एकदम सुरू झाल्यावर रिले त्यालाच बिघाड समजून लाइन बंद पाडायचा. वर नेला, तर टोकाला तारेला तार भिडली तरी त्याला तो नेहमीचाच लोड वाटणार. तार जळून रस्त्यावर पडेपर्यंत तो ढिम्म बसून राहणार. वस्ती वाढत गेली, लाइन लांबत गेली आणि नेहमीचा लोड नि बिघाड या दोन्हींच्या मधली जागाच संपली.

विजेच्या ऑफिसात हे सेटिंग ठरवणं तिचं काम. तिने आकडा खाली ठेवला. टोकाचा भाग वेगळा सांभाळायला लाइनच्या मध्यावर दुसरा ब्रेकर बसवायला सांगितलं, तो मंजुरीत अडकला.

"मॅडम, तुमच्यापायी लोक माझं डोकं खातात," साहेब म्हणाले. "जरा वर सरकवा. तार काय रोज तुटते?"

"रोज नाही तुटत, साहेब. पण तुटते तेव्हा सांगून तुटत नाही."

टोकाच्या खांबाखाली मुलांची बाग आहे आणि आपला लेक रोज आजीबरोबर तिथे घसरगुंडीवर असतो, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, तुम्ही आईच्या नजरेने बघता. ते अगदीच खोटंही नव्हतं.

आज सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून लेकाला बागेतून तीच घेऊन आली. घरी वर जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे हिसका देऊन थांबली. दिवा गेला, पंखा गेला. इमारत त्याच फीडरवर होती; रिलेने लाइन पाडली, हे अख्ख्या इमारतीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"अगं, अडकलात का गं?" वरून सासूबाईंचा आवाज आला. "वॉचमन किल्ली शोधतोय."

"आई, पाणी," लेक तिच्या ओढणीला लोंबकळला. बाटली रिकामी होती.

वर कुणी शेजारी करवादला, "रोजचंच झालंय. कोण गाढव बसवलंय त्या विजेच्या ऑफिसात?"

"आमच्याच घरचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "सध्या लिफ्टमध्ये आहे."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. "ऑपरेटर रिलेसमोर उभा आहे, मॅडम. आकडा वाढवून लगेच चालू करतो. फक्त हो म्हणा."

हवा कोंदली होती. लेकाचं कपाळ घामाने ओलं झालं होतं. एक शब्द, की दिवा, पंखा, घर. नुसता लोडच असेल, बहुतेक वेळा लोडच असतो. पण बागेत अजून मुलं होती. निघताना तिनेच पाहिली होती.

"नाही," ती म्हणाली. "आकडा तोच राहू दे. लाइनमनला टोकापर्यंत पाठवा. तो तारा बघून आल्याशिवाय चालू करू नका."

"वेळ लागेल हो. लोक बसलेत अंधारात."

"ठाऊक आहे, साहेब."

तिने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. लेक मांडीत शिरला. आपली आई विजेच्या ऑफिसात जाते, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

"आई, दिवा लाव ना."

"लावते हं," ती म्हणाली आणि ओढणीच्या टोकाने त्याला वारा घालत राहिली.