इमारतीची कुंडली

पुंडलिकनगरातल्या त्या चार मजली इमारतीचा सेक्रेटरी हिमांशू हुशार माणूस, पण हुशारी पोटात ठेवायची सवय नाही. पठ्ठ्यानं अख्ख्या इमारतीची कुंडलीच कॉम्प्युटरवर मांडली होती. पाइप कधी टाकला, मोटर किती तापते, लिफ्टची दोरी कधी बदलायची, सगळं फोनवर हजर. बायको अश्लेषा म्हणायची, "माझा वाढदिवसही घाल त्यात, तेवढाच लक्षात राहील."

दुष्काळाचं वर्ष. शहर चहूकडं पसरत चाललेलं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. हिमांशूनं घरोघरच्या पाइपला मीटर बसवलं आणि मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं, "महिन्यात सगळ्यात जास्त पाणी ज्याचं, त्याचा कॉक पुढच्या पाण्याला बंद. मग तो कुणी का असेना!" टाळ्या पडल्या. टाळ्या त्याला फार आवडतात.

महिना सरत आला आणि सगळ्यात वरचा आकडा कुणाचा? खुद्द सेक्रेटरीसाहेबांचा! त्यानं मीटरला शिव्या घातल्या, प्लंबर आणला. कुंडलीप्रमाणं पाइप ठणठणीत, अजून वीस वर्षं मरण नाही. मग पाण्याच्या दिवशी रजा काढून घरी बसला. बघतो तर काय, आई, यमुनाबाई, भरलेल्या बादल्या एकेक करून मोरीत ओततायत!

"आई! अगं काय करतेस?"

"शिळं पाणी टाकतेय. ताजं आलंय ना नळाला."

"दर वेळी?"

"मग? देवाला शिळ्या पाण्यानं आंघोळ घालू?"

हिमांशूनं कपाळाला हात लावला. अश्लेषा हळूच म्हणाली, "आकडा बदल की. कुंडली तुझी, ग्रहही तुझेच." खोटं कशाला बोला, मोह झाला. बोट आकड्यावर गेलंसुद्धा. पण टाळ्या घेतल्या होत्या ना!

मीटिंगमध्ये त्यानं मान खाली घालून स्वतःच्या घराचं नाव वाचलं. हशा पिकला. तेवढ्यात यमुनाबाई उठल्या. "त्याचं काही नाही. शिळं म्हणून मीच ओतत होते." हशा थांबला. बायका एकमेकींकडं बघेनात, कारण निम्म्याजणी तेच करत होत्या.

पुढच्या पाण्याला हिमांशूनं स्वतःच्या हातानं घरचा कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात थेंब नाही, देव बिनआंघोळीचे आणि आई देवघरासमोर रिकामा तांब्या घेऊन बसलेली. ते बघून त्याला रडूच यायला लागलं.

दारात वरच्या मजल्यावरच्या सखूबाई उभ्या राहिल्या, कमरेवर कळशी. "काकू, पानी आनलंय. पर मागच्या आठवड्याचं हाय, लई शिळं. चालंल का तुमाला?" त्यांच्या मागं जिन्यात आणखी दोघी, तोंडाला पदर लावून.

यमुनाबाईंनी कळशीकडं पाहिलं, मग सखूबाईंकडं. कळशी घेऊन त्या देवघरात गेल्या आणि देव ताम्हनात काढले.

"शेजारणीनं आणलंय," त्या देवांना म्हणाल्या, "गोड मानून घ्या."