शेपूट बाहेर ठेवलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. अमेरिकेतल्या डुलुथच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात माझा मुक्काम असतो. उलगडली तर मी अर्धा किलोमीटर भरेन. मला ऐकून लोक 'विचित्र' म्हणतात. त्याचा मला राग येत नाही, कारण माझ्यात भरलेलं संगीत खरंच विचित्र आहे.

१९६३च्या हिवाळ्यात संगीतकार आयला कोस्किनेन यांनी मला घडवलं. गोठलेल्या सरोवरावर माइक ठेवून त्यांनी बर्फाचं कण्हणं टिपलं. घरच्या पियानोच्या तारांवर चमचे ठेवून तो वाजवला. मग ब्लेडने माझे तुकडे केले आणि चिकटपट्टीने जोडले. त्यांची धाकटी बहीण हेल्मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. ती नाक मुरडून म्हणायची, "आयला, हे संगीत आहे की भांडी घासतेयस?"

"शेवटपर्यंत ऐक तरी," आयलाबाई हसायच्या. "शेवटी तू आहेस."

हेल्मीने कधीच शेवटपर्यंत ऐकलं नाही.

आमच्या जातीची एक रीत असते. वाजून झाल्यावर आम्हाला मागे गुंडाळत नाहीत. तसंच शेवटचं टोक, म्हणजे शेपूट, बाहेर ठेवून डब्यात घालतात. त्याने वळसे सारखे बसतात. पुन्हा वाजवताना मात्र आधी मागे गुंडाळून घ्यावं लागतं. आयलाबाईंनी माझ्या डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शेपूट बाहेर'. पुढे मी ग्रंथालयात आले. डब्याला बुरशी लागली, म्हणून मला छान नवा डबा मिळाला. जुना गेला कचऱ्यात, आणि ते दोन शब्दही गेले.

तेव्हापासून मला आधी मागे न गुंडाळताच लावत, आणि वाजून झालं की पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवत. त्यामुळे मी उलटी वाजत होते आणि कोणाच्या लक्षातही येत नव्हतं! उलट माझं कौतुक वाढलं. कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या व्हिटकॉम सरांनी माझ्यावर चाळीस पानांचा लेख लिहिला. 'इथे काळ उलटा वाहतो,' असं त्यात होतं. मी मनातून ओशाळायचे. पण फितीने काय करावं? लावाल तशी ती वाजणार.

आयलाबाई वारल्या त्या वर्षी हेल्मीबाई आल्या. वय एक्याऐंशी. ग्रंथपाल ब्रिजेटने मला यंत्रावर चढवलं. बावीस मिनिटं हेल्मीबाई मांडीवर पिशवी धरून बसल्या. शेवटी बर्फ कण्हला आणि मी संपले.

"झालं?"

"झालं, आजी."

"आणि मी कुठे आहे?" हेल्मीबाईंनी विचारलं. "शेवटी तू आहेस म्हणाली होती. तीही थट्टाच होती म्हणायची."

हेल्मीबाईंनी डोळे पुसले आणि एकदम मान वर केली.

"पोरी, तो पियानो पुन्हा लाव." ब्रिजेटने लावला. "बघ, आधी घुमतं आणि मग ठोका पडतो. असा पियानो असतो का कुठे?"

"तीच तर गंमत आहे, आजी. व्हिटकॉम सरांनी लिहिलंय—"

"सरांचं राहू दे. आयलाची फीत गुंडाळायची रिकामी चक्री धरून मीच उभी असायचे. शेपूट बाहेर ठेवायची ती. तू आधी गुंडाळून घेतलीस का?"

ब्रिजेटचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला शेवटपर्यंत दुसऱ्या चक्रीवर गुंडाळलं, ती चक्री पहिल्या चक्रीच्या जागी चढवली आणि मला पुन्हा लावलं. कित्येक वर्षांनी मी सरळ चालले. आधी बर्फ आला, मग पियानो. ठोका पडला आणि हळूहळू विरत गेला. अगदी शेवटी वारा आला, आणि वाऱ्यातून तरुण आयलाबाईंची हाक आली, "हेल्मी, दार लाव गं! गार वारा येतोय."

"लावते गं, लावते," म्हणत हेल्मीबाई उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग दाराला टेकून त्या खूप रडल्या. मलाही भरून आलं.

व्हिटकॉम सरांनी आता नवा लेख लिहिलाय. तो चार पानांचा आहे.

मित्रांनो, जुने डबे खुशाल बदला, पण त्यांच्यावर लिहिलेलं आधी उतरवून घ्या. ते लिहिणाऱ्याने काहीतरी जपून ठेवलेलं असतं. माझ्यात एक हाक होती, आणि ती पोहोचायला पन्नास वर्षं लागली.