लंगडा जंतू

लॅबचं दार तिसऱ्या लाथेला निखळलं आणि लोकेश लोखंडी सळई घेऊन आत घुसला. मागे पंधरा-वीस जण, सगळे पुरानी बस्तीतले. त्याची बायको सरिता सकाळी टायफॉइडनं गेली होती. सात वर्षांची पिंकी त्याच तापानं वर आयसीयूत पडलेली. अशा माणसाला कोण काय समजावणार, डोंबल!

लॅबची डॉक्टर कौमुदी इन्क्युबेटरला पाठ लावून उभी राहिली. आत पिंकीच्या रक्तातले जंतू वाढवलेली प्लेट होती आणि तिच्यावर औषधांच्या सहा चकत्या. ज्या चकतीभोवती जंतू मेले असतील ते औषध पोरीला द्यायचं. आतापर्यंत दिलेली सगळी हरली होती. ही प्लेट फुटली तर दुसरी वाढायला अख्खा दिवस जाणार, आणि पिंकीजवळ तेवढा वेळ नव्हता.

सळई फिरली. मायक्रोस्कोप गेला, काचेची कपाटं गेली, कुणीतरी खुर्ची उचलून कॉम्प्युटरवर घातली. लोकेशचा बाप तुळशीराम, रेल्वेतून रिटायर झालेला फिटर, पोराच्या हाताला लोंबकळला.

"लोक्या, काहून करून राहिला बे असं? पोट्टी जिवंत हाय अजून!"

लोकेशनं त्याला असं ढकललं की म्हाताऱ्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर फुटलं.

"सरिता के बारे में यही मशीन झूठ बोली थी," तो इन्क्युबेटरकडे वळला. "हट जाओ दीदी."

खोटं मशीन कशाला बोलेल? सरिताच्या जंतूत औषधाला पुरून उरणारा एक जीन सापडला होता, तो चाचणीनं बरोबर दाखवला होता. पण तीन वर्षं तो जीन ज्या जंतूत दिसला तो मरतुकडाच निघाला. औषधाला दाद द्यायचा नाही, पण त्या जीनच्या ओझ्यानं धड वाढायचाही नाही. डोस वाढवला की आटोपायचा. लॅबनं त्याचं नावच पाडलं होतं, लंगडा. परवा कौमुदीनं वर फोन करून सांगितलं, "काही नाही, लंगडाच आहे." वरचे डॉक्टर निर्धास्त झाले. आणि हा निघाला भलत्याच कुळीचा. जे पोतं कारकुनाला लोळवतं तेच हमाल पाठीवर घेऊन पळतो. या कुळीचे बाकीचे जीनच असे, की ते ओझं तिला जाणवलंसुद्धा नाही. कूळ ओळखायची चाचणी होती. अहो, होती ना! पण कौमुदीनं ती केलीच नाही.

सळई वर गेली.

"मशीन नाही, मी!" कौमुदी ओरडली. "सरिताताईंचा जंतू पुरता न तपासता मी सांगितलं. मी मारलं त्यांना. मला मारा!"

त्यानं मारलं. पहिल्या तडाख्यात तिचं उजवं मनगट कडकन मोडलं, दुसरा खांद्यावर बसला. ती किंचाळत खाली घसरली, पण पाठ इन्क्युबेटरच्या दारावरून हलवली नाही. तिसऱ्या वेळी तुळशीरामनं मागून पोराच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं काचांवर कोसळले. रक्त बघून बाकीचे शूरवीर एकेक करून सटकले.

"बाबा, प्लेट काढा," कौमुदी दात आवळून म्हणाली. "कोणत्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ आहे?"

म्हाताऱ्यानं प्लेट उजेडात धरली. "एकीच्याच हाय व माय. एम लिवलं हाय तिच्यावर."

एम! ते औषध आयसीयूच्याच कपाटात होतं. लगेच टोचलं तर पोरगी वाचणार होती. तिनं डाव्या हातानं आयसीयूचा फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला.

लोकेश काचांमधून उठून बसला होता. त्याचा आवाज पार बसला होता. "दीदी, कोई उठा क्यों नहीं रहा?"

तुळशीरामनं डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीनं पुसलं.

"कोन उचलंल बे? आदी वर जाऊन डाक्टर-नर्स साऱ्याइले मारून तूच तं पळवलं."