नऊ नगरांच्या शपथेचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. एजियन समुद्रातल्या आर्गिनो बेटावर, बंदराच्या चढणीला, एका मेंढवाड्याच्या भिंतीत मला आडवं बसवलं आहे. मेंढ्यांच्या पाठी घासून माझ्या अंगावरची अक्षरं आता गुळगुळीत झाली आहेत. पण एके काळी ती वाचताना भल्याभल्या सेनापतींचा आवाज कापत असे.

मला खाणीतून काढलं तेव्हा पूर्वेच्या सम्राटाचं आरमार दर उन्हाळ्यात बेटं लुटत होतं. एकटंदुकटं नगर त्याच्यापुढे टिकत नव्हतं. म्हणून नऊ नगरं एकत्र आली. 'एकावर वार तो सर्वांवर वार,' अशी शपथ त्यांनी घेतली आणि ती माझ्यावर कोरायचं काम स्मिक्रोन नावाच्या पाथरवटाला दिलं. स्मिक्रोन मोजकंच बोलणारा, हाताचा सावकाश. नववं नाव द्रिमोसचं होतं. ते कोरताना तो गालात हसला, कारण त्याची लेक मिर्ताले त्याच नगरात दिली होती.

सुरुवातीची वर्षं माझा मोठा थाट होता. दर वसंतात नगरांचे प्रतिनिधी यायचे, माझ्या पायाशी द्राक्षमद्य ओतायचे आणि शपथ मोठ्याने म्हणायचे.

मग द्रिमोसची कुरकुर सुरू झाली. दहा जहाजं मागितली की ते चार पाठवायचं. आरमार हलवायला नऊही नगरांची संमती लागे. तिथे अडून बसून ते आधी आपलं काम करून घ्यायचं. सम्राटाला जहाजांसाठी लाकूडही विकायचं. तरी त्याला दुखवायची कुणाची छाती नव्हती. सामुद्रधुनीचं तोंड द्रिमोसच्या हातात होतं आणि शत्रूला आत यायला दुसरी वाट नव्हती.

अखेर सामुद्रधुनी राखायच्या एका लढाईत द्रिमोसची जहाजं तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर आर्गिनोचा सेनापती थ्रासोन याचा धाकटा भाऊ समुद्राच्या तळाशी गेला होता.

पुढच्या वसंतात सम्राटाचं आरमार पुन्हा निघाल्याची बातमी आली आणि माझ्यासमोर सभा भरली. द्रिमोसला संघात ठेवायचं की काढायचं, हे उरलेल्या आठांनी ठरवायचं होतं.

थ्रासोन उठला. "जहाजं मागितली की यांच्या गावाला ताप येतो," तो म्हणाला, "आणि सभेला मात्र सगळ्यांच्या आधी हजर! शत्रूच्या ताटात जेवणारा माणूस आपल्या पंगतीत कशाला हवा?"

द्रिमोसचा प्रतिनिधी केफालोन गलेलठ्ठ आणि जिभेचा तिखट होता. "सेनापती, तुम्ही इथे अंजीर खात शपथा आठवता," तो म्हणाला. "आमच्या गच्चीवरून सम्राटाची शिडं दिसतात. तुमची रोजची झोप आणि आमची झोप एक नाही हो."

"मग जा की त्याच्याच कुशीत झोपायला!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा खदखदून हसली. केफालोन हसला नाही.

मतांचे खडे घड्यात पडले. काढा म्हणणारे पाच, ठेवा म्हणणारे तीन. लगेच स्मिक्रोनला पुढे बोलावलं. त्याने छिन्नी माझ्यावरच्या नवव्या नावावर टेकवली. मित्रांनो, हे नाव गेलं की द्रिमोस परकं होणार, बंदरं बंद होणार आणि लेक पैलतीरी राहणार, हे त्याला कळत होतं. त्याने एक घाव घातला. पहिल्या अक्षराचा कपचा उडाला. दुसरा घाव त्याच्याने घालवेना.

तेवढ्यात सगळ्यांत छोट्या नगराचा म्हातारा प्रतिनिधी हेगियास काठी टेकत उठला. त्यानेही काढण्याचाच खडा टाकला होता. "केफालोन, बाबा, एकच सांग. सम्राटाचा दूत तुमच्या धक्क्यावर आहे का? हो की नाही?"

केफालोनने घाम पुसला. "आहे. पाच दिवस झाले. उत्तर मागतोय. मी इथून काय घेऊन जातो, त्यावर आमचं उत्तर ठरणार आहे."

थ्रासोनचा हात तलवारीवर गेला. "धमकी देतोस?"

"नाही हो," केफालोन खालच्या आवाजात म्हणाला. "घाबरलोय, ते सांगतोय. इतकी वर्षं सांगायची लाज वाटत होती."

थ्रासोनने तलवारीवरचा हात काढला. मग तो सभेकडे वळला.

"माझ्या भावाचं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण ज्या सामुद्रधुनीसाठी तो गेला, ती मी रागाच्या भरात सम्राटाला देऊन टाकू? नाव राहू द्या. तीन वर्षं यांना मत नाही. यांची जहाजं माझ्या ताफ्यात, माझ्या डोळ्यांपुढे राहतील. आणि तो दूत उद्या संध्याकाळच्या आत धक्क्यावरून गेला पाहिजे."

पुन्हा खडे पडले. या वेळी सहा जण थ्रासोनच्या बाजूने होते. स्मिक्रोनने शपथेखाली ती अट कोरली. केफालोन शेवटच्या अक्षरापर्यंत शेजारी उभा होता. "खोल कोर रे," तो म्हणाला, "आमची पोरं पण विसराळू आहेत."

त्या उन्हाळ्यात द्रिमोसकडे दहा जहाजं मागितली, सहा आली. पण ती वेळेवर आली. सामुद्रधुनी बंद बघून सम्राटाचं आरमार अकरा दिवस बाहेर ताटकळलं आणि परतलं. थ्रासोन आणि केफालोन मात्र जन्मात एका पेल्यातून प्यायले नाहीत. तीन वर्षांनी द्रिमोसला मत परत मिळालं, तेव्हा पहिल्याच सभेत त्याने पुन्हा वाद घातला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. स्मिक्रोन मात्र नातवाला कडेवर घेऊन लांबून बघत होता.

मित्रांनो, मला वाटायचं, हा संघ मोडला तर द्रिमोसमुळेच मोडेल. तसं झालं नाही. सम्राटाची भीती सरली आणि शहाणी, आज्ञाधारक नगरं एकेक करून यायची थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी निरोपही घेतला नाही. माझ्यावर शेवाळ चढलं. शेवटच्या वसंतात एकटा द्रिमोसचा प्रतिनिधी आला, तक्रारींची लांबलचक यादी घेऊन. दुपार टळेपर्यंत तो माझ्यासमोर बसला. ऐकायला कुणीच नव्हतं. मग त्याने ओल्या फडक्याने माझं शेवाळ पुसलं, एकट्याने शपथ म्हटली आणि होडीत बसून तो निघून गेला.

तुमच्यातही असा एखादा भांडकुदळ सोबती असेल. त्याला खडसावा, अटी घाला, चुकला तर त्याचं मतही काढून घ्या. पण त्याच्यावर डोळे वटारताना, जे गुपचूप उठून गेले त्यांच्या रिकाम्या जागाही मोजत चला.